सलोमीचं आमेन

“मग शब्दात सामर्थ्य असतं, हे खोटं का आबा?”

थोमा आबा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोण म्हणतं खोटं?”

“मीच म्हणतोय. आणि दर रविवारी व्यासपीठावरून मीच उलटं सांगतोय.”

“मग एकदा काय ते ठरव बाबा,” असं म्हणून आबांनी सुपातला एक किडका दाणा अंगणातल्या कोंबडीकडं भिरकावला.

शद्रक रणभिसे हा प्रवरेकाठच्या एका ख्रिस्ती मंडळीचा तरुण पाळक. देवानं त्याला गळा दिला होता आणि शब्दही हात सैल सोडून दिले होते. त्याचा उपदेश ऐकायला चार गावची माणसं यायची. तो प्रार्थनेला उभा राहिला की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. त्याला हे ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा ना.

थोमा आबा त्याचे गुरू. हात जोडून पहिली प्रार्थना करायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता ते निवृत्त होऊन मिशनच्या जुन्या आवारात एका खोलीत राहत. बायको राहेलबाई गेल्यापासून स्वतःच भाकरी थापत आणि स्वतःच खात. गुरू म्हणावं असं त्यांच्याकडं काही दिसत नसे. बोलणंही फार नसे.

“सलोमी बरी हाय का?” आबांनी विचारलं.

 एवढ्या लांब शद्रक आला होता ते सलोमीसाठीच, आपल्या बायकोसाठी. पण आबांनीच तिचं नाव काढलं, तसा तो सुपातली एक शेंग उचलून उगाच सोलू लागला.

“बरी आहे. सगळं करते. भाकरी गरम वाढते, माझ्या झग्याला इस्त्री करते. भक्तीला वेळेवर येऊन बसते...”

“मग?”

“आमेन म्हणत नाही.”

आबांचा हात शेंगेवर थांबला.

“सगळी मंडळी म्हणते, आबा. छप्पर दणाणतं. पण घरी संध्याकाळी आम्ही दोघंच प्रार्थनेला बसतो. मी प्रार्थना करतो, संपवतो, आणि थांबतो. पूर्वी ती म्हणायची. हळूच म्हणायची, उसासा टाकल्यासारखी. दिवसभर लोकांनी केलेली वाहवा एकीकडं आणि ते तिचं आमेन एकीकडं. ते ऐकलं की वाटायचं, आपली प्रार्थना पोचली. आता मी थांबतो... आणि ती उठून दिवा पुसायला घेते.”

“कधीपासनं?”

“उपकारस्तुतीच्या सणापासून.”

हंगाम घरात आला की मंडळी हा सण करी. लोक पहिलं पीक वेदीपाशी आणून ठेवत, आणि मग ज्यानं त्यानं उभं राहून, वर्षभरात देवानं आपल्याला काय दिलं ते सांगून आभार मानायचे, अशी रीत होती. पोरंसोरंसुद्धा उठत. कुणी म्हणे, बैल वाचला. कुणी म्हणे, लेकीला स्थळ आलं.

“सगळे उठले,” शद्रक म्हणाला. “सलोमी उठली नाही. पाळकाची बायको, आबा! पहिल्या बाकावर. सगळ्यांच्या माना वळल्या, तरी ही आपली मांडीवर हात ठेवून बसून राहिली.”

“त्याच्या आधीच उन्हाळ्यात तुमचं बाळ गेलं ना?”

“... हो.”

 शद्रकनं मान खाली घातली. बाळ जन्मलं होतं आणि एक दिवसही न राहता गेलं होतं. मुलगी होती.

“मला तिची लाज वाटली आबा. खरं सांगतो, राग आला. दुपारी मंडळीचे पंच जेवायला घरी होते. मी जेवणाआधीची प्रार्थना केली. तीत म्हणालो, बापा, या घरातल्या कृतघ्न ओठांना क्षमा कर, माझ्या बायकोला तुझे उपकार मानायला शिकव.”

“तिच्यासमोर?”

“ती वाढायला उभी होती. हातात भाताचं पातेलं होतं.”

“पंच काय म्हणाले?”

“आमेन म्हणाले.”

कोंबडी दाणा टिपून निघून गेली.

“शब्दात सामर्थ्य न्हाई म्हणतोस,” आबा हळूच म्हणाले. “एवढं झालं तरी?”

शद्रकला ते लागलं. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. “मी माफी मागितली आहे,” तो म्हणाला. “एकदा नाही, रोज मागतो.”

“कुणाची?”

“देवाची. तिच्यादेखत. चांगली मोठ्यानं, तिला ऐकू जाईल अशी. म्हणतो, प्रभू, मी माझ्या बायकोला दुखवलं, मला क्षमा कर, आणि तिचं मन मऊ कर. याहून माणसानं काय करायचं?”

“त्या दिवशी वेदीवर ज्वारीची कणसं कुणी बांधली होती?” आबांनी मध्येच विचारलं.

“सलोमीनं. दरसाल तीच बांधते.”

“कशी झाली होती?”

“सुंदर. इतकी सुंदर कधीच...”

शद्रक बोलता बोलता थांबला. आबा सूप उचलून आत गेले.

“चल,” आतून आवाज आला. “दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी लई बोललास.”

भाकरी होती, पिठलं होतं, बुक्कीनं फोडलेला कांदा होता. दोघं समोरासमोर बसले.

“प्रार्थना कर,” आबा म्हणाले.

शद्रकनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पेरणाऱ्यासाठी आभार मानले, कापणाऱ्यासाठी मानले, दळणाऱ्या जात्यासाठी मानले. गुरूसमोर प्रार्थना करायची म्हणजे त्यालाही जरा अवसान चढलं होतं. पिठल्यावर पापुद्रा धरला, तेव्हा कुठं तो संपला.

“आमेन,” आबा म्हणाले.

पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. भाकरीलाही हात लावला नाही. चुलीच्या बाजूला तोंड करून ते तसेच बसून राहिले. शद्रक वाट पाहू लागला.

“आबा... काही राहिलं का?”

“न्हाई. थांबतो थोडा. सवय हाय.” आबांनी डोळे उघडले. “ती तिकडनं म्हणायची. पिठाचे हात असायचे ना, म्हणून जरा उशिरा यायचं.”

मग त्यांनी भाकरी मोडली.

शद्रकला चुलीकडं बघवेना. त्याच्या घरी चुलीपाशी जिवंत माणूस होतं, चालतं-बोलतं. आणि तोही रोज असाच थांबत होता.

काही घास झाले. आबांना कोरडा ठसका लागला. तांब्या शद्रकच्या हाताशी होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. आबांनी घास खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

“हे दयाळू बापा,” ते मोठ्यानं म्हणाले, “तुझा दास शद्रक याच्या उजव्या हाताशी तांब्या हाय. तुझ्या या म्हाताऱ्या लेकराला ठसका लागलाय. शद्रकच्या मनात घाल, की त्यानं तांब्या इकडं सरकवावा.”

शद्रक बघतच राहिला. म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं घाईघाईनं तांब्या पुढं सरकवला.

आबांनी हात सोडले नाहीत.

“आन् प्रभू, त्याला हेबी शिकव, की तांब्यासंगं फुलपात्र द्यावं लागतं. तसा तो चांगला हाय. गर्विष्ठ हाय थोडा, आन् आपल्याच आवाजावर भाळलेला हाय. तेवढं त्याचं मन मऊ कर.”

शद्रकच्या कानशिलांना आग लागली. मी गर्विष्ठ नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. प्रार्थना चालू होती. मध्ये बोलायचं कसं? त्यानं फुलपात्र आबांच्या पुढ्यात आदळलंच.

“आबा! मी इथं तुमच्या समोर बसलोय. काय ते मला सांगा ना! देवाला कशाला मध्ये घालता?”

आबांनी डोळे उघडले. शांतपणे पाणी ओतून घेतलं. प्यायले. मिशा पुसल्या.

“सलोमी कुठं बसती रं?” त्यांनी विचारलं. “संध्याकाळी, प्रार्थनेला?”

...

“समोर,” शद्रक म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “गुडघ्याला गुडघा लागेल, इतकी समोर.”

आबा जेवत राहिले.

भाकरीचा शेवटचा तुकडा मोडताना त्यांनी विचारलं, “बाळाला माती दिली, तेव्हा वचन कोण बोललं?”

“मीच बोललो. लोक म्हणाले, दगडाला पाझर फुटेल असं बोललास.”

“आन् घरी आल्यावर? तिच्याशी काय बोललास?”

  घरी येऊन शद्रकनं हातपाय धुतले होते आणि पुढच्या रविवारच्या उपदेशाला बसला होता. सलोमी दाराशी उभी राहिली होती, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. बराच वेळ उभी होती. ते त्याला आत्ता आठवलं, आणि त्याचा घास तोंडातच राहिला. गावच्या गावं रडवणारा तो माणूस पिठल्याच्या ताटावर वाकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

आबांनी त्याला रडू दिलं.

“मुलीचं नाव ठरवलं होतं आबा,” तो म्हणाला. “तिनंच ठरवलं होतं. मी ते एकदाही तोंडातून काढलं नाही.”

“हं...”

“मी काय म्हणू तिला? तुम्ही सांगा. जसंच्या तसं म्हणेन.”

“आत्तापर्यंत काय शब्दांची टंचाई होती व्हय तुला?” आबा उठले आणि दोघांची ताटं उचलून मोरीकडं गेले.

ऊन कलायच्या आत निघायला हवं होतं. शद्रकनं पायात चपला सरकवल्या. घराबाहेर पडताना मोठ्यांची प्रार्थना घेऊन पडायचं, हा तर आबांनीच घालून दिलेला नेम. तो उंबऱ्याशी उभा राहिला, हात जोडले, मान लववली आणि डोळे मिटले.

डोक्यावर आबांचा हात आला. ओला होता, राखेनं खरखरीत झालेला.

शद्रक शब्दांची वाट पाहू लागला.

शब्द आला नाही.

तो तसाच उभा राहिला. कुठंतरी कोंबडी फडफडली. आवारातल्या चिंचेतून वारा गेला. डोक्यावरचा हात हलेना, आणि आबा काही बोलेनात. वाट पाहून पाहून शेवटी त्यानं डोळे उघडले.

आबा त्याच्याकडंच बघत होते. एकटक, इतक्या जवळून की त्यांच्या बुबुळात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. म्हाताऱ्याचे डोळे भरलेले होते.

“प्रार्थना नाही केलीत, आबा?”

“झाली की,” आबा म्हणाले, आणि त्यांनी हात काढून घेतला. “जा आता. घरी पोचेस्तवर डोळे मिटू नकोस... आन् पोचल्यावर तर मुळीच नको.”