शालीवरची टिचकी

ही गोष्ट अगदी खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. आता, ती घडली तेव्हा माझे आजोबासुद्धा पाळण्यात होते, पण तेवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही.

तर एका गावात एक झकास रीत होती. सगळ्या गावासाठी घ्यायची वस्तू आधी पारावर ठेवायची आणि ज्याला वाटेल त्यानं तिच्यावर टिचकी मारून बघायची. घागर असो, ढोल असो, देवळाची घंटा असो, टिचकी झाल्याशिवाय खरेदी नाही.

एकदा गावात एक व्यापारी आला. त्याच्याकडे शिकवणारी पेटी होती. जरीच्या शालीत गुंडाळलेली, वर एक कर्णा. व्यापारी कर्ण्यात विचारी, "सात नवे?" आतून उत्तर येई, "त्रेसष्ट!"

पाटील हरखले. शेजारच्या गावानं अशीच पेटी घेतली होती, ते त्यांना फार दिवस सलत होतं.

"शाळेला घेऊन टाकू," ते म्हणाले. "शाल काढा, टिचकी होऊ दे."

"नको, नको! शाल काढली की आतली विद्या उडून जाते," व्यापारी म्हणाला. "टिचकी वरूनच मारा. आणि करार आपल्या दोघांतच ठेवा."

झालं! गाव रांगेत उभं राहिलं आणि शालीवर टिचक्या मारू लागलं. थप, थप, थप. शाळेच्या गुरुजींनीही एक मारली आणि म्हणाले, "उत्तम!" रीत पाळली गेली, सगळे खूश.

त्या गावात एक आत्या होती. कुणाकडेही गेली की आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघायची. लोक तिला 'झाकणआत्या' म्हणायचे आणि ती आली की पातेली लपवायचे. ती नातीला घेऊन पाराशी आली.

"मी विचारू का पेटीला काही?"

"तिला फक्त माझाच आवाज कळतो," व्यापारी म्हणाला.

"असं? मग शाळेत रोज तुम्हीच येऊन बसणार होय? बरं, बदल्यात गाव काय देणार?"

"ते आमच्या दोघांतलं आहे," पाटील गुरगुरले. "आत्या, तुमचं नाक सगळीकडे कसं हो? शालीला हात लावलात आणि विद्या उडाली, तर तुमची नात उद्यापासून शाळेत बसणार नाही. सांगून ठेवतो."

आत्याचा पुढे गेलेला हात थांबला. नातीला शाळेचं भारी वेड. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शाळेच्या पायरीवर जाऊन बसायची. आत्या मागे वळली.

"चल गं घरी."

पण नात जागची हलेना. पेटीकडे टक लावून म्हणाली, "आजी, शाळेत गेले तरी मला हेच वाटत राहणार ना, की आत काय असेल?"

आत्यानं एकदा नातीकडे बघितलं आणि सरळ शाल ओढली. झाकण उचललं.

फडफड! आतून हिरवागार पोपट उडाला आणि थेट वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"बघा! उडाली विद्या!" व्यापारी ओरडला.

नातीनं मान वर करून विचारलं, "चंद्र कमी-जास्त का होतो रे?"

"त्रेसष्ट!" पोपट म्हणाला.

हशा ओसरल्यावर आत्या म्हणाली, "पाटील, आता सांगा. बदल्यात काय ठरलं होतं?"

पाटील जमिनीकडे बघत पुटपुटले, "गुरुजींना दरसाल देतो ते सगळं धान्य."

म्हणजे घरी बसायची पाळी गुरुजींचीच होती, आणि पेटीला 'उत्तम' म्हणणारेही तेच!

व्यापाऱ्यानं रिकामी पेटी उचलून काढता पाय घेतला. नात दुसऱ्या दिवशीही शाळेत गेली. आणि रीत बदलली: टिचकी उघड्या वस्तूवर, आणि करार पारावर, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

तात्पर्य: मुलांचं शिकणं ज्याच्या हाती द्यायचं, ते आधी उघडून बघावं आणि त्याच्या अटी चारचौघांत ऐकाव्यात. झाकलेल्या वस्तूची तपासणी ही तपासणीच नव्हे.

आता कबूल करतो, पोपट माझ्या पदरचा. खऱ्या गावात पेटीत काय होतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. कारण आत्याही माझ्याच पदरची. शालीवर टिचक्या मारणारी रांग तेवढी खरी.