पाठाई कुणाकडे बघते

चारूला पाळणाघरात ठेवायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. नोकरीवर परत जायचं होतं, ते मला हवंही होतं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. पाळणाघराच्या ताईंची सूचना एकच होती: मुलीला आत सोडलं की सरळ निघायचं, मागे वळून बघायचं नाही. आईने बघितलं की मूल रडतं. बाकीच्या आयांना हे जमतं म्हणे. मी गॅस बंद केलाय ना, या शंकेने अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी बाई. आणि समजा जमलंच, न बघता निघाले, तर चारूला काय वाटेल? आईला काहीच वाटलं नाही?

हे डोक्यात घोळवत आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही कुसरच्या खिंडीत गेलो. नवऱ्याचा गुडघा दुखत होता, म्हणून तो खाली गाडीपाशी थांबला. चारू आणि मी पायवाटेने वर चढलो. खिंडीच्या ऐन वळणावर पाठाईचं देऊळ आहे. आत गेलं की देवीचा चेहरा दिसत नाही. दिसते ती पाठ: दगडात कोरलेला अंबाडा, मान, खांद्यावरून आलेला पदर. उजवा खांदा हात लागून लागून तुकतुकीत झाला आहे. देवी बघते त्या बाजूला भिंतच नाही. तिथून सरळ वरचं पठार दिसतं, ओसाड, वाळलेल्या गवताचं.

देवळाची झाडलोट बायजाआत्या करतात. गुरवाच्या घरातल्या, सत्तरीच्या पुढच्या. चारू पुढे पळाली तशी त्यांनी तिचा फ्रॉक मागून धरला.

"म्होरनं जायाचं न्हाई, बाय. तिच्या नजरंच्या आड येतंय."

"का?" चारूने विचारलं. ती हल्ली सगळ्यालाच का विचारते. आत्यांनी केरसुणी बाजूला ठेवली आणि पायरीवर बसून सांगायला सुरुवात केली. ते मी माझ्या भाषेत लिहिते आहे. त्यांचा ठेका मला साधणार नाही.

फार पूर्वी कुसर गाव वर पठारावर होतं, असं सांगतात. एका उन्हाळ्यात तिथला झरा आटला. माणसांनी वाट पाहिली, नवस केले, शेवटी खाली नदीकाठी राहायला जायचं ठरवलं. पण देवीला टाकून कसं जायचं? तेव्हा देवी गुरवाच्या सुनेच्या स्वप्नात आली. सुनेचं नाव येसू. झरा आटत आला तरी तळातलं पाणी वाटीवाटीने भरून देवीला आंघोळ घालणारी ती. देवी म्हणाली, तू पुढं चाल, मी तुझ्यामागून येते. माझ्या वाळ्यांचा आवाज ऐकत राहा. मागं वळून बघितलंस, तर मी तिथंच थांबेन.

गावाला आनंद झाला. येसूला झाला की नाही, कुणी विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिची मुलगी गेली होती. बारसंही झालं नव्हतं. पठाराच्या कडेला तिला पुरलं होतं आणि जनावरांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या.

इथे मी घाईघाईने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून चारूपुढे धरला. तिने बिस्किट घेतलं, पण कान आत्यांकडेच ठेवले.

सगळं गाव पुढे निघालं. शेवटी येसू आणि तिच्यामागे वाळ्यांचा आवाज. खिंडीच्या या वळणापर्यंत पठार दिसतं, पुढे दिसत नाही. येसू इथे आली आणि तिचे पाय थांबले. मागचे वाळेही थांबले. पुढची माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "येसू, बघू नगंस गं. समद्या गावाची देवी हाय." येसूने पदर दातांत धरला आणि पाऊल टाकलं. वळली नाही.

पण मागे वाळे वाजले नाहीत.

ती तशीच नदीपर्यंत उतरली. तिथे सगळ्यांनी तिला घेरलं. देवी नाही आली, म्हणजे हिने बघितलं. येसू शपथा घेत होती. नवऱ्यानेही मान खाली घातली. सासू सगळ्यात जास्त बोलली म्हणे. शेवटी माणसं पुन्हा खिंड चढून आली, तर इथे देवी शिळा होऊन उभी होती. येसूने बघितलं असतं, तर देवीचं तोंड गावाकडे, खालच्या अंगाला राहिलं असतं. चालता चालता थांबलेल्या माणसाचं असतं तसं. पण देवीची पाठ त्यांच्याकडे होती आणि तोंड पठाराकडे. येसू वळली नव्हती. देवी वळली होती.

"मग देवी काय म्हणाली?" मी विचारलं.

"देव कुठं बोलत्यात? वळून हुबी ऱ्हायली, येवढंच."

बोलली ती सासू. तिने देवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरीपाशी कुनीतरी पायजे व्हतं. आमाला न्हाई सुचलं." मग ती खाली आली आणि येसूच्या पाया पडली, असं सांगतात.

आजही कुसरमध्ये देवीचं दुसरं देऊळ नाही. सभामंडप झाला तोही तिच्या पाठीमागे. दसऱ्याआधी घरटी एक माणूस विळा घेऊन येतं आणि पठार दिसावं म्हणून समोर वाढलेली कारवीची झुडपं कापतं. सासरी निघालेल्या मुली, सुट्टी संपलेले फौजी, शिकायला शहरात चाललेली पोरं, सगळे इथे येऊन देवीच्या खांद्यावर हात ठेवतात, "बघ गं" म्हणतात आणि वळण उतरतात. मागे बघत नाहीत.

"ठेव तूबी," आत्या मला म्हणाल्या. मी त्यांना पाळणाघराबद्दल काही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

मी हात ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता, कडेवरचं मूल झोपल्यावर त्याची पाठ लागते तसा. "बघ गं" एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी खाली बसले आणि चारूला सगळं सांगून टाकलं. उद्या तुला ताईंकडे सोडलं की मी लगेच जाणार. मागे बघणार नाही. पण घाबरायचं नाही, माझ्याऐवजी पाठाई तुझ्याकडे बघेल.

चारूने बिस्किट चावता चावता आधी देवीच्या पाठीकडे आणि मग पठाराकडे बघितलं.

"ती त्या बाळाकडे बघतेय ना," ती म्हणाली. "माझ्याकडे तू बघ."