नववं कलम

"माती खोटं बोलते का, सर? सांगा ना, बोलते का?"

शर्वाणीने तिसऱ्यांदा विचारलं. शेडबाळे सर टेनिस कोर्टावर पाइपने पाणी मारत होते. आधी एक कोपरा भिजला, मग दुसरा.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. याच लाल मातीवर त्यांनी तिला सातव्या वर्षी रॅकेट धरायला शिकवलं होतं. आता ती शिकूनसवरून शाळेत क्रीडाशिक्षिका झाली होती आणि तिच्या मते सरांचं सगळंच फार हळू चालत असे. पाणी मारणं हळू, चहा हळू, विचार तर त्याहून हळू.

आज तिला हळू परवडणार नव्हतं. रविवारपासून सहा शाळांची टेनिस लीग सुरू व्हायची होती, सहावी ते आठवीच्या मुलांची. नियम तिने लिहिले होते. एकेचाळीस कलमं, चार पानं. पाच वाजता बैठक होती आणि सहाही मुख्याध्यापकांनी एकच धोशा लावला होता, शेडबाळे सरांची सही असेल तरच संघ पाठवू. सहा शहाण्या माणसांना चार पानं वाचायचा कंटाळा, सहीचं मात्र अप्रूप.

"नाही बोलत," सर शेवटी म्हणाले. "माती कशाला खोटं बोलेल?"

"मग नवव्या कलमात खोट काय आहे?"

नववं कलम म्हणजे सगळ्या भांडणांवरचा उतारा, असं तिला वाटत होतं. दर सामन्याला पंच आणायचा कुठून? तेव्हा ज्याच्या बाजूला चेंडू पडेल, त्यानेच तो आत की बाहेर ते सांगायचं. पण नुसतं तोंडाने नाही. 'बाहेर' म्हणायचं तर मातीत उमटलेला ठसा दाखवायचा आणि त्याभोवती रॅकेटने गोल काढायचा. समोरच्याने येऊन बघायचं. ठसा दिसला की विषय संपला.

"खोट काही नाही," सर म्हणाले. पालकांनी कुंपणाबाहेर बसावं आणि तोंड मिटून बसावं, हे तेविसावं कलम तर त्यांना फारच आवडलं होतं. त्यावर ते सकाळी मनापासून हसले होते.

"मग सही करा."

"बघू."

या 'बघू'ने ती भडकली. तिने मागच्या वर्षीचं काढलं. मिसबाह मुल्ला, तेव्हा सहावीत, तिच्याच शाळेची. समोरच्या पोरीने तिचे आतले चेंडू बाहेर दिले, एक नाही, तीन. मिसबाह रडली नाही, भांडली नाही. तिने रॅकेट पिशवीत घातली ती आजवर बाहेर काढली नव्हती. आणि सर तेव्हा कुंपणाशी खुर्ची टाकून बसले होते.

"तुम्हाला दिसलं होतं, सर. मोठी माणसं बघत बसतात, म्हणून आम्हाला नियम लिहावे लागतात."

...

सरांनी नळ बंद केला.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "गप्प बसलो. चुकलं माझं."

ती याला तयार नव्हती. कंबर कसून भांडायला आलेल्या माणसाचा अशा कबुलीने पार विरस होतो.

मग मिसबाह यंदा खेळणार का, असं त्यांनी विचारलं. शर्वाणीने सांगितलं की ती रोज येऊन एकच विचारते, नियम पक्के झाले का. झाले तर खेळेन म्हणते.

पाणी मुरेपर्यंत चहा झाला. तोही हळूच झाला. मग त्यांनी पडवीतून दोन रॅकेटी आणल्या आणि एक तिच्या हातात दिली.

"एक गेम खेळू. तुझ्याच नियमांनी. जिंकलीस तर सही."

"अहो, तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं कलम आहे का?"

"नाही."

"मग खेळा की, बाई."

चौथ्या कलमाप्रमाणे आधी पाच मिनिटं सराव झाला. मग गेम. तिने दयामाया दाखवली नाही. सर पळालेच नाहीत. उभ्या जागेवरून ते चेंडू असा कापून टाकत की तो पडल्यावर उसळायचंच विसरून जाई. बघता बघता चाळीस-चाळीस झाले. सतरावं कलम: बरोबरी झाली की एकच गुण, तोच निकाल.

त्या एका गुणाला सरांचा चेंडू तिच्या उजव्या रेघेकडे गेला. ती धावली, पण पोचली नाही.

"बाहेर," ती म्हणाली.

रेघेपलीकडे दोन बोटांवर ठसा होता, स्वच्छ उमटलेला. तिने त्याभोवती रॅकेटने गोल काढला. सर लंगडत, जाळीला वळसा घालून आले. वाकून बघितलं.

"आहे ठसा. जिंकलीस."

एवढं बोलून ते बाकाकडे निघाले. कागद तिथेच होते, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. चालता चालता त्यांनी खिशातून पेन काढलं.

शर्वाणी कुंपणाशी गेली आणि तिने चेंडू उचलला. त्याच्या एका अंगाला पांढरं काहीतरी लागलं होतं. तिने बोटाने चाचपून बघितलं. फक्की होती, रेघा आखायची.

ती परत रेघेशी आली. एका जागी, बोटभर, रेघेची फक्की उडालेली होती. अगदी ताजी. आणि गोलातला तो ठसा? सरावात सरांचा एक चेंडू तिथे पडला होता. "म्हातारा झालो," असं म्हणून ते तेव्हा हसलेही होते.

मातीने खोटं सांगितलं नव्हतं. तिनेच भलत्या चेंडूची साक्ष काढली होती.

कोर्टावर दोघंच होते. सर तिच्याकडे पाठ करून उभे होते, पेनाचं टोपण काढून झालं होतं. साडेचार वाजत आले होते. चेंडू कुर्त्याला पुसला असता तर काहीच उरलं नसतं. मिसबाह रविवारी खेळली असती.

...

"सर, थांबा. तो आत होता."

सर वळले नाहीत. "ठसा दाखवलास. गोल काढलास. मी बघितलं, मान्य केलं. विषय संपला, असं तूच लिहिलंयस."

"तरी आत होता."

"कुठल्या कलमाने?"

शर्वाणीने मनातल्या मनात चारही पानं उलटली. पहिल्यापासून एकेचाळिसाव्यापर्यंत...

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. आवाज चिडलेलाच होता, पण कोणावर चिडली ते तिला सांगता आलं नसतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. बाकावर टेकले. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी चोळत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी कागदांवरचा दगड उचलून बाजूला ठेवला.

"हरलीस तू," सर म्हणाले. "ये इकडे. सही कुठे करायची, दाखव."