पडद्यातल्या देवाला वाट

एका गावात एक भोळा गडी होता, आणि त्याच्या शेळीवरून चावडीत कडाक्याचं भांडण लागलं होतं.

“माझा पडदा फाडला त्यानं. बदल्यात शेळी नेणार,” तंबू टॉकीजचे मोतीशेठ म्हणत होते.

“हात तर लावून बघा,” चांगुणा म्हणाली. घरात दुभतं म्हणाल तर ती एक शेळी. तिच्या दुधावर चांगुणाची पोरं वाढत होती.

भोळा गडी म्हणजे चांगुणाचा नवरा, भागोजी. तो शेळीला पाला चारत उभा होता. भांडण कुणाचं आहे, ते त्याला अजून कळलं नव्हतं.

पोलीसपाटील म्हणाले, “झालं काय ते आधी सांगा.”

झालं होतं ते असं. देवीच्या जत्रेला तंबू आला. पहिला खेळ देवाचा. आभाळातून देव उतरला. सगळ्या तंबूनं चपला काढल्या, हात जोडले. भागोजी ऊस सोलत बसला.

घरी आल्यावर चांगुणा म्हणाली, “अवो, आभाळातून कुणी उतरलं की हात जोडावेत, नारळ फोडावा. एवढंही कळत नाही?”

“बरं,” भागोजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खेळ बदलला. पाठीला तांबडं फडकं बांधलेला एक गडी आभाळातून उतरला. भागोजीनं पिशवीतून नारळ काढला. दगड जवळ नव्हता, म्हणून सिनेमाच्या यंत्रावर फोडला. नारळाचं पाणी यंत्र प्यालं. खेळ बंद पडला. खोबरं भागोजीनं सगळ्यांना वाटलं.

चांगुणा म्हणाली, “तो कसला देव? एका राक्षसाला मारताना निम्मं शहर पाडलं मेल्यानं. दुसऱ्याचं बांधकाम पाडणं हा गुन्हा. असं कुणी दिसलं की पाटलांना बोलवावं.”

“बरं.”

यंत्र दुरुस्त झालं. मग पुन्हा देवाचा खेळ लागला. खांब कडाडला आणि देव बाहेर आला. बाया गहिवरल्या. भागोजी मात्र धावत सुटला आणि पाटलांना भरल्या ताटावरून ओढून घेऊन आला.

“हा बघा, आबा. दुसऱ्याच्या राजवाड्यातला खांब फोडला.”

“कधी फोडला? दिवसा की रात्री?” पाटलांनी सवयीनं विचारलं.

“दोन्ही नव्हतं, आबा. तिन्हीसांज होती.”

पाटलांची नजर पडद्याकडं गेली. त्यांनी उष्ट्या हातांनीच नमस्कार केला, आणि त्याच हातांनी भागोजीला बाहेर काढलं.

चांगुणा म्हणाली, “अवो, देवाला कुठला आलाय कायदा? फोडून कुणी बाहेर येत असलं की अडवू नये. उलट वाट करून द्यावी.”

“बरं.”

नंतरचा खेळ होता हजार वर्षांनी येणाऱ्या जगाचा. एक लोखंडी माणूस भिंत फोडून निघाला. हात पसरून सरळ लोकांच्या अंगावर यायला लागला. येता येता पडद्याएवढा झाला, पण पडद्याबाहेर काही त्याला येता येईना. भागोजीला फार वाईट वाटलं. तो गवत कापून तसाच आला होता, विळा कमरेला होता. त्यानं वाट करून दिली. वरपासून खालपर्यंत.

चावडीत पाटलांनी विचारलं, “मग आला का कुणी बाहेर?”

“आले की,” भागोजी म्हणाला. “हे मोतीशेठ आले. पडद्यामागं भाकरी खात बसले होते. मी पायावर डोकं ठेवलं.”

“मला लाथ मारायचीही सोय ठेवली नाही. पाय घट्ट धरून बसला,” शेठ म्हणाले. “ते जाऊ दे. शेळी द्या.”

भागोजीनं पाला खाली टाकला. “ही शेळी तुम्हाला हवी होय? आधी सांगायचं. देवानं मागितल्यावर नाही कोण म्हणतंय?” आणि त्यानं दावं सोडून शेठच्या हातात दिलं. वर नमस्कारही केला.

चांगुणानं कपाळाला हात लावला, मग पदर खोचला. शेठ तिथंच दावं टाकून तंबू गुंडाळायला निघून गेले, ते तिच्या एका वाक्यानं.

ती म्हणाली, “न्या शेठ, पण ही ह्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही, तेव्हा ह्यांनाही तंबूत घेऊन जा, आणि उद्या कोणता खेळ लावताय तेवढं ह्यांना आत्ताच समजावून ठेवा.”