ठकाचा फेरा

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधी, माळुंगा डोंगराच्या पायथ्याला कुडवंडी गावात ठका नावाचा वाटाड्या राहायचा. डोंगरात जुनी लेणी आहेत. ती कुणी कोरली, हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं. वर जायला एकच वाट, आणि उतरायलाही तीच. ठका माणसांना वर न्यायचा आणि खाली आणायचा. त्यानं नेलेलं माणूस कधी डोंगरात राहिलं नाही, असं म्हणतात.

घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सगळेच म्हणतात आणि विसरून जातात. ठका विसरायचा नाही. येतो म्हटलं म्हणजे यायला बांधलो, असं त्याला वाटायचं. म्हणून तो उंबऱ्यात एकदा म्हणायचा, अंगणात एकदा, आणि नीट ऐकू गेलं नसेल या धास्तीनं वळणावरून पुन्हा एकदा.

भाद्रपदात लेण्यातल्या देवीला नैवेद्य असतो. त्या सकाळी गावातल्या बायका टोपल्या घेऊन अंगणात उभ्या होत्या, आणि ठका अजून उंबऱ्यातच. त्याची बायको चिमी वैतागली.

"अवं, येतो येतो किती येळा? जा की एकदाचं."

बायका हसल्या. ठकाला ते लागलं.

"बरं," तो म्हणाला, "जातो मग." आणि मागं न बघता निघाला.

वर नैवेद्य झाला. मग धुकं उतरलं आणि खालचा कडा ढासळला. ज्या वाटेनं सगळे आले होते, ती वाटच राहिली नाही.

"वाट चुकलास व्हय रं?" पारूआजीनं विचारलं. ती सगळ्यांत म्हातारी.

"वाट न्हाई, आजी. शबुद चुकला. येतो म्हणालोच न्हाई मी."

"शबदाचं मागनं बघ. आधी माज्या गुडघ्यांचं बघ."

ठकाला हसू आलं नाही. आजवर माणसं परत आणली ती आपल्या पायांनी की त्या शब्दानं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. धुक्यात पाऊल टाकायचा त्याला धीर होईना.

खाली चिमी जात्यावर बसली होती. दरडीचा आवाज ऐकला तशी ती पीठ टाकून पायथ्याच्या धोंड्यापर्यंत धावली. माळुंग्याची एक खोड आहे. हाक मारली की तो ती जशीच्या तशी परत देतो. नवऱ्याचा राहिलेला शब्द चिमीनंच पुरा केला. तिनं हाक दिली, "येतोऽऽ."

त्या दिवशी डोंगरानं हाक परत दिली नाही. ठेवून घेतली, असं म्हणतात.

वर ठकाला शेजारच्या लेण्यातून चिमीचा आवाज आला, येतो. तो चाचपडत तिकडं गेला, तर आवाज त्याच्या पुढच्या लेण्यातून आला. ठका पुढं, बायका मागं, अशी ती रांग डोंगराच्या पाठीमागं वळली. तिकडं आजवर कुणी गेलं नव्हतं. शेवाळाखाली पावलापुरत्या खोबण्या लागल्या. पाण्याची टाकी लागली, पाणी नितळ आणि गोड. लेणी कोरणाऱ्यांनी ही वाट तेव्हाच करून ठेवली होती. मग धुकं विरलं. उतारभर पिवळी सोनकी फुललेली आणि खाली सगळं खोरं उन्हात. पारूआजी म्हणाली, "गुडघं दुखायचं इसरलं बघ."

दिवस कलला तरी चिमी जुन्या वाटेकडं डोळे लावून उभी होती. तिच्या पाठीमागून आवाज आला, "आलो."

ती वळली नाही. तिला वाटलं, डोंगरानं आपली मघाची हाक आत्ता परत दिली. पण आपण 'येतो' म्हणालो होतो, आणि हा 'आलो' म्हणतोय. डोंगर कधी शब्द बदलत नाही. तेव्हा कुठं ती वळली.

कुडवंडीत अजूनही 'जातो' म्हणत नाहीत. दळायच्या जात्यालासुद्धा तिथं घरटच म्हणतात, आणि पाहुणा चुकला तर पोरं त्याला पुन्हा उंबऱ्यात उभं करतात. भाद्रपदात गाव ठकाचा फेरा घालतं, मागून दुरुस्त केलेल्या जुन्या वाटेनं चढायचं आणि माळुंग्याला वळसा घालून दुसरीनं उतरायचं. घरी राहिलेली माणसं दिवस कलताना धोंड्यापाशी पाठमोरी बसतात. पावलं ऐकू आली, ओळखीची हसणी ऐकू आली, तरी कुणी मान वळवत नाही. मागून 'आलो' ऐकू येईपर्यंत.