अक्रोडाखालचा तेरडा

लई मागची गोष्ट. एका अक्रोडाच्या झाडाखाली मातीच्या कुंडीत तेरडा वाढत होता. जागा अपुरी पडू लागली, तसा तो कुंडीवर चिडला.

"मावशे, तू मला कोंडून ठेवलंस. मी आता खालच्या भोकातून जमिनीत पाय सोडणार."

वरून अक्रोड हळू बोलला, "नको रे लेकरा. माझ्या मुळांत विष आहे. इथं जमिनीत रुजलेलं एकेक रोप माझ्यामुळंच वाळलं."

तेरड्यानं बाहेर काढलेलं मूळ आत ओढून घेतलं. पुढं तो लालभडक फुलला.

अक्रोड म्हणाला, "माझ्या पायाशी पहिल्यांदाच कुणी फुललं. कुंडीबाई, तुमचे उपकार झाले."

"मी नुसती माती धरून बसले," कुंडी म्हणाली. "स्वतःचं विष तुम्ही सांगितलंत, म्हणून पोर वाचलं."