नुसता पाला

राजांना आपल्या बागांचा भारी अभिमान असायचा, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात राजवाड्यामागे टोमॅटोचा मोठा मळा होता. त्यातली फळं अन्नछत्रात जात. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तिथं रोज भाकरी आणि टोमॅटोचं गरम सार मिळे. मळा राखायची हौसा माळीण. तिचे हात राकट आणि जीभ त्याहून राकट.

एका वर्षी मळ्यावर नवा कारभारी आला. "महाराज मळा बघायला येणार आहेत," तो म्हणाला. "झाडं बघून त्यांचे डोळे निवले पाहिजेत. घाला पेंड, ओता गोमूत्र!"

"त्यानं पाला वाढतो, कारभारी," हौसा म्हणाली. "मुळांना आणि फुलांना हाडांची भुकटी लागते. ती लावणीलाच बुडाशी पडली पाहिजे. दोन्ही द्या, पण बेतानं द्या."

"हाडं? महाराजांच्या मळ्यात?" कारभाऱ्यानं नाक मुरडलं. "तू झाडं लाव. मला अक्कल शिकवू नकोस."

आठवड्यामागून आठवडे पेंड पडत राहिली. झाडं छातीएवढी झाली, पानं काळपट हिरवी. राजा आला, हरखला आणि त्यानं कारभाऱ्याच्या खांद्यावर शाल घातली. हौसा बांधावर दातओठ खात उभी होती. पाल्याआड चार फुलंही धड नव्हती, आणि होती ती हात लागताच गळत होती.

तोडणीला सगळ्या मळ्यातून दोन टोपल्या निघाल्या. अन्नछत्रात भाकरीबरोबर मीठ वाढलं. पंगतीतल्या एका आंधळ्या म्हातारीनं विचारलं, "हौसा, सार नाही का गं आज?"

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं एक झाड मुळासकट उपटलं आणि तडक दरबारात जाऊन ते सिंहासनापुढं आदळलं.

"खा महाराज!"

"हा काय उद्धटपणा?"

"हे तुमचं पीक. याच पाल्याला तुम्ही शाबासकी दिलीत. लोक तिकडं कोरडी भाकरी चावताहेत!"

राजा संतापला, पण कारभाऱ्यावर. त्याला त्यानं तिथल्या तिथं हाकललं आणि हुकूम सोडला, "पुढच्या वर्षी पेंडीचा कणही घालायचा नाही! नुसती हाडांची भुकटी घाला!"

"महाराज, तसंही नको..." हौसा म्हणाली. तोवर राजा उठून गेला होता.

पुढच्या वर्षी झाडं गुडघ्याच्या वर गेली नाहीत. खालची पानं पिवळी पडली. फुलं लवकर आली, पण फळं धरली ती बोराएवढी. अन्नछत्रात पुन्हा मीठभाकरी.

आता राजा स्वतः मळ्यात आला. हौसानं मुजरा केला नाही.

"आधी नुसता पाला, आता नुसत्या काड्या!" ती कडाडली. "कारभाऱ्याला मिरवायचं होतं, तुम्हाला राग काढायचा होता. रोपाला काय हवं, ते कुणी विचारलं?"

राजाची मान खाली गेली. "मी काय करू, सांग."

"तुम्ही काही करू नका. एवढंच करा."

तिसऱ्या वर्षी हौसानं लावणीला प्रत्येक रोपाच्या बुडाशी भुकटी घातली. पेंड मूठमूठ दिली, ती झाडाचा रंग बघून. झाडं बेताचीच वाढली. येणारेजाणारे थांबून बघत नव्हते. पण फांद्या फळांनी इतक्या वाकल्या की काठ्यांचे आधार द्यावे लागले. टोमॅटो न्यायला बैलगाड्या लागल्या.

राजा कौतुक करायला आला. हौसा म्हणाली, "कौतुक राहू द्या. कोरडी भाकरी गिळवेना म्हणून दोन वर्षांत पंगतीतली किती माणसं कमी झाली, ते आधी विचारा."

राजानं विचारलं. उत्तर ऐकून तो त्या दिवशी जेवला नाही. पुढं माळिणीला विचारल्याशिवाय मळ्याचा एकही हुकूम राजवाड्यातून सुटला नाही.

तात्पर्य: मातीत राबणाऱ्याचं न ऐकता जो हुकूम सोडतो, तो खुशीत असो की रागात, उपाशी मात्र दुसऱ्यांनाच ठेवतो.